गालांची लाली : हळद, करडई आणि रक्त

सोलापूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गाच्या किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर अणदूर हे गाव आहे. गावाचा लौकिक खंडोबामुळे. देव एक आणि देवळे दोन, अशी या स्थानाची रीत. वर्षाचा बहुतेक काळ खंडोबाची मूर्ती अणदुरास असते. ठरलेल्या काळी ती वाजतगाजत नळदुर्गास जाते आणि तशीच परत येते. 'येळकोट येळकोट जय मल्हार' असा घोष उठला, की भंडाऱ्याची उधळण सुरू होते. हळदीची ती पूड डोक्यावर, खांद्यावर, भुवयांवर आणि गालांवर बसते. गोरा कोण आणि सावळा कोण, तरुण कोण आणि वृद्ध कोण, हा भेद घटकाभर मावळतो व साऱ्या मेळ्याचे गाल एकाच सोनेरी रंगाचे दिसू लागतात.

गावाबाहेर काळ्या जमिनीत दुसरा एक रंग उभा असतो. हिवाळ्यात रब्बीच्या ज्वारीच्या कडेने करडईचे काटेरी ताटवे फुलतात. फूल उमलताना पिवळे असते, मग नारिंगी होते, आणि सुकता सुकता तांबडे पडते. शेतकऱ्याची नजर त्या फुलावर नसते. त्याला बी हवे असते आणि बियांतले तेल हवे असते. पाकळ्या वाळतात, गळतात आणि मातीस मिळतात.

चेहऱ्याच्या वर्णास शोभेल अशी स्वाभाविक लाली कोणती, हा प्रश्न शहरातील आरशांसमोर नित्य विचारला जातो. दुकानांत लालीच्या डब्या ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यांतील पुष्कळांवर 'नैसर्गिक' हा शब्द छापलेला असतो. परंतु या शब्दाचे अर्थ दोन आहेत, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे पुष्कळ घोटाळा झाला आहे. निसर्गात सापडणारी वस्तू ती नैसर्गिक, हा एक अर्थ. लावलेली असूनही जी आपल्याच अंगची वाटते ती नैसर्गिक, हा दुसरा. लालीचा इतिहास म्हणजे या दोन अर्थांच्या ओढाताणीचा इतिहास होय. आणि त्याचे धागे हळद, करडई व रक्त या तिन्हींच्या रूपाने अणदुरात एकत्र येतात.

प्रथम हळद घ्यावी. महाराष्ट्रात स्त्रियांच्या चेहऱ्यावर दोन रंग परंपरेने आले : गालांस हळदीचा पिवळा आणि कपाळास कुंकवाचा तांबडा. हे दोन्ही रंग मूळचे एकाच कंदाचे आहेत, ही गोष्ट घरोघरी कुंकू असूनही सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. चांगले कुंकू हळदीपासून बनते. हळकुंडांना टाकणखार, तुरटी व लिंबाचा रस यांची पुटे देऊन ती वाळविली आणि कुटली, म्हणजे पिवळ्याचा तांबडा होतो. हळदीतील रंगद्रव्य क्षाराच्या संगतीत लाल होते, हे ज्ञान रसायनशास्त्राची पाठ्यपुस्तके निघण्यापूर्वी कितीतरी आधी कुंकू करणाऱ्यांच्या हातात होते. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव या धंद्यासाठी आजही प्रसिद्ध आहे.

कपाळावरचा हा तांबडा रंग मात्र शरीराने दिलेला नव्हे. तो समाजाने दिलेला होय. म्हणूनच समाज तो काढूनही घेऊ शकला. नवऱ्याच्या मृत्यूबरोबर स्त्रीचे कुंकू पुसण्याची चाल महाराष्ट्रात पिढ्यानुपिढ्या चालली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ही चाल बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची वार्ता देशभर झाली, इतकी ती रूढी खोल गेलेली होती. गालाच्या लालीवर असा अधिकार कोणाचा चालत नाही. ती येते ती आतून, आणि जाते तीही आतूनच.

गाल रंगविण्याची हौस मात्र येथे फारशी दिसत नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. कालिदासाच्या 'मेघदूता'त अलकानगरीच्या स्त्रिया मुखास लोध्राच्या फुलांचे पराग लावतात. त्यायोगे मुखावर जी शोभा येते तिला कवी पांडुता म्हणतो, म्हणजे फिकट पिवळसर छटा. लाल रंगाची जागा निराळी होती. 'मालविकाग्निमित्रा'च्या तिसऱ्या अंकात बकुलावलिका मालविकेचे पाय अळित्याने रंगविते. हा अळिता लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या रंगाचा असे. तांबडा रंग पायांस, ओठांस आणि कपाळास. गाल मात्र फिके किंवा पिवळे, अशी ही वाटणी होती. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील प्रसाधनाच्या प्रसिद्ध चित्रात हाती आरसा घेतलेली राणी आहे, भोवती दासी आहेत. त्या सर्वांचे वर्ण मात्र गेरू, पिवळी माती, काजळी व चुना अशा द्रव्यांनी साकारले आहेत. ज्या रंगांत हे देह रंगले, ते याच भूमीच्या मातीचे होते.

धाराशिव जिल्हाही या प्रसाधनाच्या जगापासून दूर नव्हता. जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असल्याचे नमूद आहे, आणि तेथून कापडाचा माल भडोचच्या बंदराकडे जाई असेही सांगितले आहे. तेर येथे मिळालेली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती तेथील लामतुरे संग्रहालयात आहे. इटलीतील पाँपेई या ज्वालामुखीखाली गडप झालेल्या शहरात १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी तेरच्या मूर्तीचे साम्य विद्वानांनी दाखविले आहे. आणि पाँपेईची मूर्ती आरशाची मूठ असावी, असा एक तर्क आहे. तो खरा असेल तर रोमच्या कोण्या सुंदरीने दख्खनी शैलीच्या मुठीचा आरसा हाती धरून आपल्या गालांवर लाली चढविली असेल, असे मानण्यास हरकत नाही.

आता करडईकडे वळावे. संस्कृतात हिला कुसुंभ म्हणतात, आणि कुसुंबी हा रंग मराठीस तिच्यामुळेच मिळाला. 'ऋतुसंहारा'तील वसंताच्या वर्णनात स्त्रियांची रेशमी वस्त्रे या रंगाने रंगलेली आहेत. या फुलाचे वैशिष्ट्य असे, की त्याच्या पोटात दोन रंग असतात. पिवळा पुष्कळ आणि तांबडा अगदी थोडा. वाळलेल्या पाकळ्यांच्या शंभर भागांत तांबडे द्रव्य जेमतेम अर्धा भाग भरते. पिवळा रंग पाण्यात विरघळतो, तांबडा विरघळत नाही. आणि या एका भेदावर सारी विद्या उभी आहे.

पाकळ्या प्रथम पाण्यात पुनःपुन्हा धुवावयाच्या, पिवळे पाणी निघेनासे होईपर्यंत. मग सज्जीखार किंवा राखेचे पाणी घालून चोळावयाच्या, म्हणजे दडून बसलेला तांबडा सुटून पाण्यात येतो. शेवटी त्यात लिंबासारखी आंबट वस्तू पिळली, की तो रंग पाणी सोडतो व कापडावर किंवा तळाशी बसतो. क्षाराने सोडवावयाचा आणि आम्लाने धरावयाचा, असा हा डाव आहे. तळाशी बसलेला हा शुद्ध गाळ शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळला, म्हणजे गालांस लावण्याची लाली तयार झाली. युरोपात अशी लाली 'वनस्पतीची लाली' म्हणून विकली जात असे.

पूर्वेकडे या फुलाचा मान याहून मोठा होता. पश्चिमेकडील प्रदेशांतून हे फूल आपल्या देशात आले, असे चिनी परंपरा सांगते, आणि चीनमधील जुन्या लालीचे एक प्रमुख साधन हेच होते. जपानात यामागाता प्रांतातील मोगामी नदीच्या खोऱ्यात याची मोठी लागवड होई. पाकळ्या कुटून, आंबवून त्यांच्या वड्या क्योतोस जात. तयार रंग चिनी मातीच्या लहान वाटीच्या आतल्या अंगास लेपून विकीत. गंमत अशी, की दाट लेपलेला हा तांबडा रंग वाळला म्हणजे मोरपिसासारखा हिरवा चकाकतो; ओले बोट लागले, की पुन्हा लाल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील विलासी स्त्रियांत खालचा ओठ या रंगाने दाट माखून हिरवा चमकविण्याची टूम निघाली. रंग महाग असल्यामुळे ज्यांना तो परवडत नसे त्या ओठास आधी काळी शाई लावून वर थोडासा रंग देत, म्हणजे थोडक्यात तीच झाक येई. फॅशन नावाचा व्याधी केवळ आजचा नव्हे, याला हा पुरावा पुरेसा आहे.

हिंदुस्थानातून, विशेषतः बंगालमधील ढाक्याच्या बाजूने, ही फुले विलायतेस पाठविली जात. सरकारी व वकिली कागदांचे गठ्ठे बांधण्याच्या ज्या तांबड्या फितीवरून दप्तरदिरंगाईस 'लालफीत' हे नाव पडले, ती फीत रंगविण्यासही हेच फूल कामी येई. मग हा रंग गेला कोठे? त्याचा दोष त्याच्या स्वभावातच होता. कुसुंबी रंग उन्हाने उडतो, साबणाने फिका पडतो. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने डांबरातून निघणाऱ्या द्रव्यापासून जांभळा रंग तयार केला. पुढील काही दशकांत त्याच कुळीतले स्वस्त, पक्के रंग बाजारात आले आणि करडई रंगाऱ्याच्या हौदातून निघून केवळ तेल्याच्या घाण्यात राहिली. मराठवाड्यातील आजच्या पिढीस करडई म्हणजे तेल, नाहीतर कोवळ्या पानांची भाजी. जपानात जे फूल सोन्याच्या तोलाने मोजले जाई, ते येथे बांधावर गळून पडते.

कुसुंभाच्या या कथेवरून एखाद्यास वाटेल, की निसर्गातून आलेला रंग तेवढा निर्दोष आणि कारखान्यातून आलेला तेवढा सदोष. इतिहास असे सांगत नाही. हिंगूळ हा खाणीतून निघणारा तांबडा खनिज पदार्थ सर्वस्वी निसर्गाचा आहे. पण तो पाऱ्याचा आणि गंधकाचा संयोग होय. शेंदूर हे शिशाचे भस्म, आणि चेहरा पांढरा करणारा सफेदाही शिशाचाच. लंडनच्या उच्च समाजात आपल्या रूपाने गाजलेली मारिया, कॉव्हेंट्रीची काउंटेस, १७६० साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारली, व तिच्या मृत्यूचे कारण चेहऱ्यास लावलेला सफेदा होय, अशी तेव्हापासून समजूत आहे. मराठी रंगभूमीच्या जुन्या रंगपटांतही मुर्दाडशिंगाचा उपयोग होई, तेही शिशाचेच. विषाला निसर्गाचा विटाळ नाही.

शिवाय 'नैसर्गिक' लाली म्हणजे वनस्पतीचीच असते, हाही भ्रम आहे. मराठीतला किरमिजी हा शब्द फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी एक किडा आहे. मेक्सिकोत निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या अशाच किड्यांचा रंग स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेला, आणि तो आजही लालीच्या डब्यांत व खाद्यपदार्थांत वापरला जातो. काही जणांस त्याची बाधा होते म्हणून अमेरिकेत २०११ पासून वेष्टनावर त्याचे नाव छापणे सक्तीचे झाले. भारतात १९४० च्या औषध कायद्यात १९६२ साली सौंदर्यप्रसाधनांचा समावेश करण्यात आला, आणि शिसे व सोमल यांची संयुगे रंगासाठी घालण्यास नियमांनी मनाई केली. तेव्हा डबीवरील 'नैसर्गिक' या मोठ्या अक्षरांपेक्षा मागच्या बाजूची बारीक अक्षरे अधिक बोलकी असतात. तेथे घटकांची नावे, कारखान्याचा पत्ता, परवाना आणि तारीख नसेल, तर ती लाली गुलाबाच्या पाकळ्यांची आहे असे सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नये.

येथवर 'नैसर्गिक' शब्दाच्या पहिल्या अर्थाची परीक्षा झाली. दुसरा अर्थ अधिक सूक्ष्म आहे. गालावरची खरी लाली म्हणजे त्वचेखालच्या बारीक केशवाहिन्यांतून वाहणारे रक्त. लाज, हर्ष, धावपळ, थंडी वा ऊन यांनी त्या वाहिन्या रुंदावतात, रक्त अधिक येते आणि गाल तांबूस होतो. चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर जो ग्रंथ लिहिला, त्यातील एक संपूर्ण प्रकरण लाजेने चढणाऱ्या या लालीस दिले आहे. त्यासाठी त्याने निरनिराळ्या खंडांत राहणाऱ्या लोकांकडे प्रश्नावली पाठविली होती, आणि सर्व मानववंशांत माणसे लाजून लाल होतात, असा निष्कर्ष काढला होता. काळ्या त्वचेतही रक्त तसेच धावून येते. फक्त पाहणाऱ्यास ते कमी दिसते. त्या काळी कित्येक गोरे लेखक काळ्या माणसास लाज नसते असे बेधडक लिहीत. त्या मानाने डार्विनचा निष्कर्ष न्यायाचा होता.

दिसण्यातला हा फरक मेलॅनिन या तपकिरी द्रव्यामुळे पडतो. गोऱ्या त्वचेत ते थोडे असते म्हणून खालचे रक्त गुलाबी दिसते. गव्हाळ त्वचेतून तेच रक्त विटकरी किंवा गेरूच्या छटेचे दिसते, सावळीतून डाळिंबी, आणि अधिक काळ्या त्वचेतून गडद जांभळट. रक्त एकच, त्यावरचा पडदा निराळा. म्हणूनच एका देशाच्या गालांवरून ठरविलेली लाली दुसऱ्या देशाच्या गालांस शोभत नाही. फिकट गुलाबी भुकटीत पांढरे द्रव्य पुष्कळ असते. ती सावळ्या गालास लावली, तर लालीऐवजी राख फासल्यासारखे दिसते. दोष गालाचा नसतो.

परंतु बाजाराने हा दोष फार दिवस गालाच्याच माथी मारला. मुंबईत १९१९ साली ई. एस. पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' बाजारात आणले. १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' स्थापन केली, तेव्हा देशी प्रसाधने देशातच होऊ लागली. १९७५ साली मात्र गोरेपणाचेच आश्वासन नावात घेऊन एक मलम आले आणि ४५ वर्षे त्याच नावाने खपले. २०२० साली ते नाव बदलण्यात आले. मराठीत 'पी हळद अन् हो गोरी' ही म्हण उतावळेपणाच्या थट्टेसाठी आहे; जाहिरातींनी ती थट्टा खरी मानून धंदा केला. अमेरिकेत शिकागो येथे १९७३ साली यूनिस जॉन्सन यांनी 'फॅशन फेअर' ही प्रसाधने खास कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी काढली, कारण आपल्या वर्णाशी जुळेल असा रंग मिळावा म्हणून त्यांच्या प्रदर्शनांतील तरुणींना निरनिराळे रंग एकत्र कालवून घ्यावे लागत होते. स्वतःच्या वर्णाची लाली मिळविणे हाही एका लढ्याचा भाग होता.

तर मग स्वतःची छटा ओळखावी कशी? त्यासाठी दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभे राहावे आणि खालचा ओठ किंचित वळवून त्याच्या आतली बाजू पाहावी. जिना चढून आल्यावर गालांवर जो रंग येतो तोही पाहावा. त्या दोन रंगांच्या जवळची जी छटा, ती त्या चेहऱ्याची स्वाभाविक लाली. गव्हाळ वर्णास ती विटकरी वा पिकल्या जर्दाळूच्या जवळ जाते, सावळ्यास डाळिंबी वा किरमिजी, काळ्यास जांभूळ पिळून काढल्यासारखी गडद. डबीत जी छटा भडक वाटते, ती काळ्या गालावर बोटाच्या टोकाने थोडीशी लावून पसरली, की सहज विरून जाते. नवी लाली प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून दिवसभर पाहावी. खाज वा पुरळ उठल्यास ती चेहऱ्यापासून दूर ठेवावी. दुकानातील पिवळ्या दिव्यांखाली घेतलेला रंग अंगणातल्या उन्हात फसवितो, हेही ध्यानी असावे.

खालच्या ओठाची आतली बाजू पाहावयाची, ही युक्ती प्रसाधनाची खरी, पण तिचा सख्खा भाऊ वैद्यकात आहे. सावळ्या माणसाच्या अंगी रक्त किती आहे हे पाहण्यासाठी डॉक्टर गालाकडे पाहत नाही. तो खालची पापणी ओढून तिच्या आत पाहतो, जीभ पाहतो, नखे पाहतो; कारण तेथे मेलॅनिनचा पडदा विरळ असतो. आणि येथे अणदूरचा धागा पुन्हा हाती येतो.

अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी यांनी उभारलेली 'हॅलो मेडिकल फाउंडेशन' ही संस्था आसपासच्या खेड्यांत आरोग्याचे काम करीत आली आहे. गावातल्याच स्त्रियांस शिकवून त्यांच्या हाती प्राथमिक आरोग्यसेवा देण्याचा तिचा प्रयोग विशेष आहे. या संस्थेच्या साहाय्याने २०१४ आणि २०१५ या वर्षांत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३४ गावांत १३ ते १७ वर्षे वयाच्या १,०१० मुलींचे रक्त तपासण्यात आले. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असले म्हणजे या वयाच्या मुलीस रक्तक्षय आहे असे मानतात. त्या मुलींपैकी शेकडा ८७ जणींस तो आढळला, आणि सर्वांची सरासरी अवघी १०.१ ग्रॅम भरली.

या आकड्यापुढे लालीचा सारा इतिहास निराळा दिसू लागतो. ज्या वयात गालावर आपोआप रंग चढावयाचा, त्याच वयातल्या शंभरांतील ८७ मुलींच्या अंगी तो रंग चढविणारे द्रव्यच अपुरे. कालिदासाने ज्या फिकेपणास पांडुता म्हणून शोभा मानली, त्याच फिकेपणास वैद्यांनी पांडुरोग म्हटले. शब्द एकच, कवीच्या हाती तो अलंकार, वैद्याच्या हाती निदान. चरकाने पांडुरोगावर लोहाची भस्मे सांगितली आहेत, आणि आजचे वैद्यकही लोहच देते. २०१८ पासूनच्या 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' योजनेत किशोरवयीन मुलामुलींस आठवड्यास एक गोळी द्यावयाची, तीत ६० मिलिग्रॅम लोह व सोबत फॉलिक अ‍ॅसिड असते. गोळीचा रंग निळा असतो; लाली आणणाऱ्या औषधाचा रंग निळा, हा एक गोड विरोधाभास.

वाढीचे वय, मासिक पाळीत जाणारे रक्त आणि ताटात सर्वांच्या मागून येणारे अन्न, ही या फिकेपणाची कारणे घराघरांत ओळखीची आहेत. हा प्रश्न खेड्यापुरता आहे असे समजून शहरातील गृहिणीनेही स्वस्थ बसू नये. थकवा, धाप लागणे, अभ्यासात लक्ष नसणे, चेहरा ओढलेला दिसणे, या तक्रारी घेऊन एखादी मुलगी आरशासमोर लाली लावू लागली, तर तिची हौस पुरवावी. पण त्याआधी तिची खालची पापणी पाहावी आणि तिचे रक्त तपासून घ्यावे. भाजीवर लिंबू पिळावे, कारण त्यातील आंबटाने वनस्पतीतले लोह अंगी लागते. आणि जेवणाबरोबर चहा देऊ नये, कारण तो ते अडवितो. हळदीचे कुंकू होते ते लिंबाने, करडईचा तांबडा रंग धरला जातो तो लिंबाने, आणि भाजीतले लोह रक्तास पोचते तेही लिंबाच्याच साहाय्याने. तीन निराळ्या वाटांनी आलेली ही एकच साक्ष आहे.

करडईच्या पाकळ्यांसही पुन्हा दिवस येण्याची चिन्हे आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांच्या करडईचे वाण काढले, त्यामुळे हातांनी पाकळ्या वेचणे सोपे झाले. फूल कोमेजू लागल्यावर पाकळ्या खुडल्या तर बियांचे नुकसान होत नाही, म्हणजे तेलही मिळते आणि रंगही. अणदूरच्या बांधांवर दर हिवाळ्यास गळून जाणारा हा रंग कोणी वेचलाच, तर दख्खनच्या गव्हाळ व सावळ्या गालांस शोभेल अशी लाली दख्खनच्याच काळ्या मातीतून निघू शकेल.

तोवर खंडोबाच्या दारी भंडारा उधळला जाईल आणि साऱ्यांचे गाल पिवळे होतील. यात्रा सरली, मुली घरी परतल्या, त्यांनी तोंडे धुतली, म्हणजे त्या पिवळ्याखालून जो रंग वर येईल तोच त्यांचा खरा रंग. तो तांबूस निघावा, एवढीच काळजी घरच्या वडीलधाऱ्यांनी वाहावयाची आहे. लालीची डबी त्यानंतर केव्हाही उघडता येईल.